डीव्हीआरची हार्ड डिस्क बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अनेक वर्षं मी सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारे रेकॉर्डर (डीव्हीआर, एनव्हीआर) उघडून त्यांच्या डिस्क बदलण्याचं काम करतोय. त्यातला एक दिवस डोक्यातून जात नाही. पार्किंगमधून गाडी गेली म्हणून मला एका इमारतीत बोलावलं होतं. स्क्रीनवर आठही कॅमेऱ्यांची चित्रं स्वच्छ दिसत होती. प्लेबॅक उघडला तर मागच्या चाळीस दिवसांची पट्टी कोरी. आत कुठल्यातरी जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली डिस्क बसवलेली होती आणि ती केव्हाच थकली होती. डिस्क आत मावली, रेकॉर्डरने ओळखली, म्हणून ती बसवणाऱ्याचं समाधान झालं होतं. ती त्या कामाला योग्य आहे का, हे कुणी पाहिलं नव्हतं. खालचे प्रश्न मला वरचेवर विचारले जातात. बहुतेक प्रश्न कॅमेऱ्यांच्या डीव्हीआर-एनव्हीआरबद्दल आहेत, टीव्हीच्या रेकॉर्डरबद्दल एक वेगळा प्रश्न पुढे आहे.

डीव्हीआर बीप-बीप करतोय. डिस्क गेली असं समजू का?

लगेच समजू नका. डिस्क सापडत नाही, डिस्क भरली, डिस्कमध्ये चूक आहे, या तिन्ही कारणांनी बीप वाजतो. शिवाय डिस्कशी काही संबंध नसताना, एखाद्या कॅमेऱ्याचं चित्र गेलं तरीही वाजू शकतो. आधी मेनूतल्या स्टोरेजच्या पानावर डिस्कची स्थिती बघा.

डिस्क दिसतच नसेल तर रेकॉर्डर बंद करून झाकण काढा, डेटाची आणि पॉवरची केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. मग झाकण उघडं ठेवूनच चालू करा आणि कान द्या. डिस्क फिरायला लागते, थांबते, पुन्हा फिरायला लागते, असं होत असेल तर माझा पहिला संशय अडॅप्टरवर जातो. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करते त्या दोन-चार सेकंदांत १२ व्होल्टवर साधारण दीड ते दोन अँपिअर ओढते. बऱ्याच छोट्या डीव्हीआरसोबत येणारा अडॅप्टरच २ अँपिअरचा असतो आणि चार-पाच वर्षांत तो तेवढंही देईनासा होतो. अडॅप्टर बदलल्यावर 'मेलेली' डिस्क उठून बसल्याचं मी खूपदा पाहिलंय.

बऱ्याच रेकॉर्डरमध्ये डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, दिसते. त्यात तीन ओळी बघा. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे संशयास्पद सेक्टर आणि १९९ म्हणजे केबलवरून जाताना झालेल्या चुका. पहिल्या दोन ओळींतला आकडा आठवड्यागणिक वाढत असेल तर डिस्क बदला. फक्त १९९ वाढत असेल तर आधी केबल बदलून बघा, डिस्क बहुधा ठणठणीत असते.

घरात कॉम्प्युटरची चांगली डिस्क पडून आहे. साटा जोडणीचीच आहे, मग ती का नको?

जोडली तर चालू होईल, रेकॉर्डिंगही सुरू होईल. अडचण नंतर येते.

कॉम्प्युटरच्या डिस्कचं काम थोडं लिहायचं, थोडं वाचायचं आणि बराच वेळ निवांत बसायचं असं असतं. डीव्हीआरमध्ये तीच डिस्क वर्षाचे ८७६० तास फिरते आणि जवळजवळ सगळा वेळ लिहितच असते. डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात वर्षाला साधारण ५५ टीबी इतक्या कामाची मर्यादा दिलेली आढळते आणि काहींत तर वर्षाला २४०० तासच धरलेले असतात. कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या बहुतेक (सर्व्हेलन्स) डिस्कसाठी हेच आकडे १८० टीबी आणि पूर्ण ८७६० तास असे असतात. आता हिशेब करा. प्रत्येकी २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) चालणारे आठ कॅमेरे दिवसाला सुमारे १७३ जीबी लिहितात, म्हणजे वर्षाला ६३ टीबी. इतक्या साध्या मांडणीतही डेस्कटॉप डिस्क आपल्या मर्यादेबाहेर गेली.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. एखादा सेक्टर नीट वाचता किंवा लिहिता आला नाही तर डेस्कटॉप डिस्क हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कधी कधी कित्येक सेकंद. तुमच्या हिशेबाच्या फाइलसाठी हे योग्यच आहे, कारण तिथे एक अक्षरही हरवून चालत नाही. पण कॅमेरे कुणासाठी थांबत नाहीत. डिस्क अडून बसली की रेकॉर्डरची तात्पुरती जागा भरते आणि पुढची चित्रं गळून पडतात. कॅमेऱ्यासाठी बनवलेली डिस्क थोडा प्रयत्न करते आणि पुढे सरकते. एखाद्या चित्रात बारीक डाग राहील, पण पुढचे काही सेकंद हातचे जाणार नाहीत.

जुन्या 'ग्रीन' प्रकारच्या डिस्कबद्दल वेगळं सांगतो. वीज वाचवण्यासाठी त्यातल्या काही डिस्क आठ सेकंद काम नसलं की लिहिण्या-वाचण्याचं हेड बाजूला नेऊन ठेवायच्या. अशी ने-आण साधारण ३ लाख वेळा होईल असं धरून त्या बनवलेल्या असत. हालचालीवर रेकॉर्डिंग लावलेल्या डीव्हीआरमध्ये ही मोजणी भराभर चढते.

मग नेमकी कोणती डिस्क घ्यायची?

वेस्टर्न डिजिटलची पर्पल, सीगेटची स्कायहॉक किंवा तोशिबाची एस३००. यांतली कोणतीही एक, फक्त ते मॉडेल सीएमआर असावं (म्हणजे काय ते पुढच्या प्रश्नात). कंपनीवरून भांडत बसण्यात अर्थ नाही. तुमच्या रेकॉर्डरच्या कंपनीने चालणाऱ्या डिस्कची यादी दिली असेल तर त्या यादीतलं पूर्ण मॉडेल क्रमांकासकट जुळवा. हिकव्हिजन, दाहुआ यांसारख्या कंपन्या अशा याद्या देतात. एकाच नावाखाली वेगवेगळ्या पिढ्यांच्या डिस्क विकल्या जातात, म्हणून नुसतं 'पर्पल' किंवा 'स्कायहॉक' एवढं बघून भागत नाही.

सोळा कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस, अशी मांडणी असेल तर वर्षाला सुमारे २५२ टीबी लिहिलं जातं आणि १८० टीबीची मर्यादाही अपुरी पडते. तिथे पर्पल प्रो किंवा स्कायहॉक एआय या वरच्या श्रेणीकडे जा, नाहीतर दोन डिस्क बसणारा रेकॉर्डर असेल तर काम दोघींत वाटून द्या.

नॅसच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक साठवणीच्या पेटीच्या, डिस्कही चोवीस तास चालण्यासाठीच बनवलेल्या असतात. पर्पल मिळत नसेल आणि नॅसची सीएमआर डिस्क हाताशी असेल तर मी ती बिनदिक्कत बसवतो.

सीएमआर आणि एसएमआर हे काय आहे? दुकानदार म्हणतो काही फरक पडत नाही.

फरक पडतो, आणि नेमका डीव्हीआरमध्ये पडतो. सीएमआरमध्ये डिस्कवरचे मार्ग शेजारी शेजारी, वेगवेगळे असतात. एसएमआरमध्ये जागा वाचवण्यासाठी ते कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. घराचं एक कौल बदलायचं तर वरची दोन-चार आधी उचलावी लागतात. तसंच एसएमआरमध्ये जुन्या जागेवर नवं लिहायचं झालं की शेजारचा पट्टाही पुन्हा लिहावा लागतो. ही आवराआवर डिस्क एरवी निवांत वेळात उरकते. डीव्हीआरमध्ये निवांत वेळ मिळतच नाही.

यातली फसगत अशी, की कोरी डिस्क पहिल्या फेरीत छान चालते. ती पूर्ण भरून जुन्यावर लिहायची वेळ आली की मग रेकॉर्डिंगमध्ये फटी पडायला लागतात. तोवर महिना उलटून गेलेला असतो आणि कुणाचंच लक्ष नसतं.

खोक्यावर ही गोष्ट बहुतेक वेळा लिहिलेली नसते. कंपनीच्या माहितीपत्रकात मॉडेल क्रमांकासमोर रेकॉर्डिंगचं तंत्र दिलेलं असतं, तिथे सीएमआर असल्याची खात्री करा. काही डेस्कटॉप आणि नॅस डिस्क एसएमआर असूनही तसं स्पष्ट न सांगता विकल्या गेल्याचं २०२० साली उघड झालं. त्यानंतर कंपन्यांनी याद्या जाहीर केल्या, त्यांचा उपयोग करा.

माझा डीव्हीआर किती टीबीपर्यंतची डिस्क घेईल?

हे डिस्कवर नव्हे, रेकॉर्डरवर ठरतं, म्हणून सगळ्यांत आधी हेच बघा. रेकॉर्डरच्या खालच्या लेबलवरून मॉडेल क्रमांक उतरवून घ्या आणि माहितीपत्रकात 'प्रत्येक डिस्कची कमाल क्षमता' ही ओळ शोधा. ४, ६, ८, १० टीबी असे आकडे दिसतील. रेकॉर्डरला दोन साटा जोडण्या असतील तर तो आकडा एका डिस्कचा आहे की दोघींचा मिळून, तेही वाचा.

माहितीपत्रक मिळालंच नाही तर २ टीबीवर थांबा. जुन्या यंत्रणा सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात आणि ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर हे मोजमाप २.२ टीबीला संपतं. अशा रेकॉर्डरला ३ टीबीची डिस्क लावली की पडद्यावर ७४६ जीबी असा विचित्र आकडा येतो. तो दिसला की डिस्कला दोष देऊ नका आणि फॉरमॅट करून तसंच पुढे रेटूही नका. उरलेली जागा नुसती वाया जाते असंही नाही, काही रेकॉर्डर मोजणी संपल्यावर पुन्हा सुरुवातीवर लिहायला लागतात आणि सगळंच बिघडतं.

काही वेळा रेकॉर्डरचं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्रॅम) अद्ययावत केल्यावर मर्यादा वाढते. मात्र फर्मवेअर अगदी तुमच्याच मॉडेलचं असलं पाहिजे. शेजारच्या मॉडेलचं टाकलं तर अख्खा रेकॉर्डर कायमचा बंद पडू शकतो.

आणखी एक खूणगाठ: डिस्कवर '४केएन' (४०९६ बाइटचे सेक्टर) असं लिहिलेलं असेल तर ती सर्व्हरसाठीची आहे, घेऊ नका. '५१२ई' (रेकॉर्डरला ५१२ बाइटचे सेक्टर दाखवणारी) चालते.

मला तीस दिवसांचं रेकॉर्डिंग हवंय. किती टीबी लागेल?

एकच आकडा लक्षात ठेवा: १ एमबीपीएस म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. एका कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे तो सेकंदाला किती एमबी (मेगाबिट) पाठवतो तो आकडा, रेकॉर्डरच्या एन्कोडच्या पानावर दिसतो. त्याला १०.८ ने गुणा, मग कॅमेऱ्यांच्या संख्येने, मग दिवसांनी.

चार कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस, तीस दिवस: सुमारे ५.२ टीबी. म्हणजे ६ टीबीची डिस्क. तेच कॅमेरे चित्र दाबून साठवण्याच्या एच.२६४ पद्धतीऐवजी एच.२६५ वर चालवता आले तर बिटरेट साधारण निम्म्यावर आणता येतो आणि ३ टीबीत काम भागतं. डिस्क घेण्याआधी ही सेटिंग जरूर बघा. फक्त हालचालीवर रेकॉर्डिंग ठेवलं तर जागा आणखी वाचते. पण रस्त्याकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्यात हालचाल कधी थांबतच नाही, तिथे हा फायदा धरू नका.

४ टीबीची डिस्क घेतली, डीव्हीआर ३७२५ जीबी दाखवतो. फसवलं का?

नाही. कंपनी एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट धरते आणि रेकॉर्डर १०२४ च्या पटीत मोजतो. १ टीबीची ९३१ आणि २ टीबीची १८६३ जीबी दिसेल.

मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क जास्त चांगली का? आणि साटा ३ डिस्क जुन्या साटा २ रेकॉर्डरला चालेल?

फेऱ्या जास्त म्हणजे उष्णता आणि आवाज जास्त. सोळा कॅमेऱ्यांचे ६४ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ मेगाबाइट. ५४०० फेऱ्यांची डिस्क याच्या कितीतरी पट वेगाने लिहू शकते, त्यामुळे वेगासाठी धावू नका. साटाच्या नव्या-जुन्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात, ती काळजी करू नका.

नवी डिस्क आत बसते, पण स्क्रूची भोकं जुळत नाहीत!

हा प्रश्न पहिल्यांदा माझ्यासमोर आला तेव्हा मीही डिस्क उलटसुलट करून बघत बसलो होतो. बहुतेक डीव्हीआरमध्ये डिस्क खालून चार स्क्रूंनी आवळलेली असते. जुन्या मांडणीत खालच्या भोकांच्या दोन जोड्यांमधलं अंतर ४४.४५ मिलिमीटर असतं. मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच नव्या डिस्कमध्ये आत जास्त तबकड्या मावाव्यात म्हणून एक जोडी पुढे सरकवलेली असते आणि अंतर ७६.२ मिलिमीटर होतं. जुन्या रेकॉर्डरच्या तळाला ती भोकं पाडलेलीच नसतात. दोन स्क्रू लागतात, दुसरं टोक मोकळं राहतं.

दोनच स्क्रूंवर डिस्क सोडू नका. ती थरथरते आणि थरथर ही डिस्कची वैरी आहे. जुळवून घेणारी पट्टी मिळते, ती लावा. तळाला ड्रिलने भोक पाडायचंच असेल तर आधी रेकॉर्डरमधलं सर्किट पूर्ण बाहेर काढा, कारण लोखंडाचा एक बारीक कीस बोर्ड जाळायला पुरतो.

स्क्रू जुनेच वापरा. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, बारीक आट्यांचे घुसवले तर डिस्कचे आटे जातात. लांब स्क्रू तर मुळीच नकोत.

एसएसडी, लॅपटॉपची डिस्क किंवा यूएसबीची बाहेरची डिस्क चालेल का?

लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्क बहुतांशी एसएमआर असतात, त्या टाळा. यूएसबीचा पोर्ट बहुतेक रेकॉर्डरमध्ये फुटेज काढून घेण्यापुरताच असतो, रोजचं रेकॉर्डिंग त्यावर होत नाही.

एसएसडीबद्दल लोक सरसकट नको म्हणतात, मला ते तितकंसं पटत नाही. बस-ट्रकमधल्या रेकॉर्डरमध्ये धक्के बसतात, तिथे एसएसडीच योग्य. घरातल्या डीव्हीआरमध्ये मात्र तेवढ्याच जागेसाठी खूप जास्त पैसे जातात. शिवाय प्रत्येक एसएसडीवर एकूण किती टीबी लिहिता येईल याची मर्यादा असते. तो आकडा तुमच्या वर्षाच्या लिखाणाने भागा, किती वर्षं मिळतील ते लगेच कळेल.

माझ्या डीव्हीआरमध्ये रुंद, चपट्या पट्टीची केबल आहे.

ती आयडीई, साटाच्या आधीची जोडणी. चाळीस पिनांची. अशा डिस्क आता नव्या बनत नाहीत आणि त्यातल्या जुन्या रेकॉर्डरला १३७ जीबीपलीकडचं दिसतही नाही. साटाला आयडीई करणारी छोटी पाटी मिळते, कधी चालते, कधी दगा देते. मी सांगेन की इथे डिस्कवर पैसे घालू नका, रेकॉर्डरच बदला.

जुन्या डिस्कवरचं फुटेज नव्या डिस्कवर नेता येईल?

जुनी डिस्क अजून चालत असेल तर काढण्यापूर्वी हवं तेवढं फुटेज पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. हाच सरळ मार्ग आहे. डिस्क कॉम्प्युटरला लावली तर विंडोज तिला ओळखत नाही आणि 'इनिशियलाइज करू का', 'फॉरमॅट करू का' असं विचारतं. दोन्हीला नाही म्हणा. रेकॉर्डरची साठवण्याची पद्धत त्याची स्वतःची असते, म्हणून डिस्क विंडोजला कोरी वाटते, पण ती कोरी नसते. दुसऱ्या कंपनीच्या डीव्हीआरला लावाल तर तोही बहुधा फॉरमॅटच मागेल.

पोलिसांना किंवा विम्यासाठी फुटेज लागणार असेल तर जुनी डिस्क काढा, तिच्यावर तारीख आणि रेकॉर्डरचं मॉडेल लिहा आणि बाजूला ठेवून द्या. तिच्यावर कुठलाही प्रयोग करू नका.

कॅमेऱ्यांची नावं, पासवर्ड, नेटवर्कच्या सेटिंग सहसा रेकॉर्डरच्या बोर्डवर साठवलेल्या असतात. डिस्क बदलल्याने त्या जात नाहीत.

टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या बॉक्सची डिस्क बदलता येते का?

बॉक्स केबल किंवा डिश कंपनीचा असेल तर उघडू नका. तो बहुधा तुमच्या मालकीचा नसतो आणि त्यावरचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सच्या किल्लीने कुलूपबंद असतं. डिस्क दुसरीकडे लावून ते दिसणार नाही. स्वतःच्या मालकीच्या रेकॉर्डरचं पाहायचं तर प्रत्येक मॉडेलची रीत वेगळी. टिवो या अमेरिकी टीव्ही रेकॉर्डरच्या सुरुवातीच्या यंत्रांची प्रणालीच डिस्कवर असायची, त्यामुळे कोरी डिस्क टाकून ती सुरू होत नसत. पुढच्या रोमिओसारख्या मॉडेलनी कोरी डिस्क स्वतःच तयार करून घेतली. टिवोच्याच बोल्टमध्ये तर अडीच इंची डिस्क आहे. मॉडेल क्रमांक हातात असल्याशिवाय डिस्क मागवू नका.

डिस्क नवी म्हणून घेतली. खरंच नवी आहे हे कसं ओळखू?

स्मार्ट माहितीत ९ क्रमांकाची ओळ म्हणजे डिस्क किती तास चालली. नव्या डिस्कवर शून्य किंवा फार तर दोन-चार तास हवेत. पण एवढ्यावर थांबू नका. हजारो तास वापरलेल्या डिस्कचे हे आकडे पुसून त्या नव्या म्हणून विकल्याची प्रकरणं २०२५ च्या सुरुवातीला बाहेर आली. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक आतली नोंद असते, स्मार्टमोनटूल्ससारख्या प्रोग्रॅमने ती वाचून दोन्ही आकडे ताडून बघा. अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधी संपते तेही तपासा. साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे असतील तर ती कुठेतरी आधी लावलेली आहे.

डिस्क बसवली. आता काय काय बघू?

बसवताना प्लग काढलेला होता ना, ही पहिली खात्री. मग चालू करून स्टोरेजच्या पानावर डिस्क फॉरमॅट करा, स्थिती 'नॉर्मल' यायला हवी. 'ओव्हरराइट' चालू ठेवा, नाहीतर डिस्क भरल्यावर रेकॉर्डिंग तिथेच थांबेल. घड्याळ आणि तारीख बघा. बोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला असेल तर वीज गेल्यावर तारीख मागे जाते आणि चुकीच्या तारखेचं फुटेज कुणाला दाखवताना फार त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक कॅमेऱ्याचं रात्रीचं एखादं मिनिट प्लेबॅकमध्ये चालवून बघा. लाइव्ह चित्र बघून काहीच कळत नाही, ते डिस्कवरून येतच नाही.

आणि ४ टीबीत तुमचे तेवीस दिवस मावणार असतील तर चोविसाव्या-पंचविसाव्या दिवसाची आठवण आत्ताच फोनमध्ये लावून ठेवा. त्या दिवशी डिस्क पहिल्यांदा जुन्यावर लिहायला लागलेली असेल. प्लेबॅक उघडा, आदल्या दिवसाची पट्टी सकाळपासून रात्रीपर्यंत सरकवा आणि कुठे फट दिसते का बघा.